जखमेवर हळद, पोळल्यावर टूथपेस्ट, चावल्यावर चुना: आजीच्या बटव्यातलं काय चालतं आणि काय नडतं?

भाजी चिरताना बोट कापलं की घरातून पहिला आवाज येतो, ‘हळद दाब!’ कुकरच्या वाफेने हात पोळला की कुणीतरी टूथपेस्ट घेऊन धावतं. मधमाशी चावली की चुना, टाच फुटली की बिब्बा, खाज आली की कडुलिंब. हे उपाय आपल्याला कुणी शिकवलेले नसतात, आपण ते बघत बघत मोठे होतो.

आता हेच उपाय तीस सेकंदांच्या रीलमध्ये दिसतात. खाली कॉमेंटमध्ये दोन गट ठरलेले. एक म्हणतो, ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.’ दुसरा म्हणतो, ‘हे सगळं थोतांड आहे.’ भांडण रंगतं, पण एक साधा प्रश्न दोन्हीकडे कुणी विचारत नाही. जखम कोणती आहे?

कारण एकच वस्तू एका ठिकाणी निरुपद्रवी असते आणि दुसऱ्या ठिकाणी घातक ठरते. खोबरेल तेल कोरड्या पायांना चांगलं, ताज्या भाजलेल्या हाताला नाही. म्हणून या लेखात आपण उपायांची यादी करण्याऐवजी जखमेच्या प्रकारानुसार बघूया.

आधी हे तीन प्रश्न विचारा

१. कातडी फाटली आहे का? आपली त्वचा ही शरीराची भिंत आहे. भिंत शाबूत असेल तर वरून काय लावलं याने सहसा फार बिघडत नाही. भिंतीला भगदाड पडलं असेल तर आपण जे लावू ते थेट आत जातं, त्यातल्या जंतूंसकट.

२. खरा धोका त्वचेवरच आहे का? कुत्रा चावला किंवा विंचू डसला तर वरची खूण छोटी असते, पण धोका शरीराच्या आत असतो. तिथे वरून लावलेला लेप काही करू शकत नाही.

३. वेळेचं महत्त्व किती आहे? काही जखमांमध्ये पहिली वीस मिनिटं महत्त्वाची असतात. तो वेळ चुना शोधण्यात गेला तर नुकसान उपायामुळे कमी आणि उशिरामुळे जास्त होतं.

हे तीन प्रश्न डोक्यात ठेवून एकेक वस्तू बघूया.

हळद: पेटंटच्या लढाईने नक्की काय सिद्ध झालं?

हळदीचा विषय निघाला की अमेरिकेतल्या पेटंटची गोष्ट हमखास येते. गोष्ट खरी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. तिथे काम करणाऱ्या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांची नावं त्यावर होती.

तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. मूळचे गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत वाढलेले. सीएसआयआरने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून सादर केले. त्यात भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ मध्ये छापून आलेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हे दावे फेटाळले. पुढे २००१ मध्ये भारताने पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह तयार करायला घेतला, त्यामागे या लढाईचा मोठा वाटा होता.

आता व्हॉट्सॲपवर या गोष्टीचा शेवट असा होतो: ‘म्हणजे अमेरिकेनेही मान्य केलं की हळदीने जखम बरी होते!’

इथे गफलत आहे. पेटंट मिळायला कल्पना नवीन असावी लागते. सीएसआयआरने दाखवून दिलं की ही कल्पना नवीन नाही, भारतात ती शतकानुशतकं वापरात आहे. पेटंट कार्यालयाने तेवढंच बघितलं. हळद कोणत्या जखमेवर, किती आणि कशी लावली तर किती गुण येतो, हा प्रश्न तिथे नव्हताच. त्या निकालाने आपल्या ज्ञानावरचा आपला हक्क शाबूत राहिला. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद औषध ठरली, असा त्याचा अर्थ नाही.

मग हळदीत काहीच नाही का? आहे. हळदीतला कुरक्युमिन हा पिवळा घटक सूज कमी करतो आणि काही जंतूंना रोखतो, असं प्रयोगशाळेतल्या आणि प्राण्यांवरच्या अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण प्रयोगात वापरतात तो शुद्ध केलेला घटक. आपल्या डब्यात असते ती दळलेली हळकुंडं. त्यात कुरक्युमिन असतं जेमतेम काही टक्के. शिवाय डब्यात रोज ओला-सुका चमचा जातो, पूड निर्जंतुक नसते. दक्षिण आशियात काही ठिकाणी रंग उजळ दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग मिसळल्याचंही आढळलं आहे.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. हळद भरलेली जखम डॉक्टरांना नीट दिसत नाही. किती खोल आहे, कडा लाल आहेत का, पू आहे का, हे बघण्यासाठी आधी ती पूड धुऊन काढावी लागते. तेव्हा रुग्ण जास्त कळवळतो.

थोडक्यात: किरकोळ कापलं, धुतलं, रक्त थांबलं आणि वर चिमूटभर चांगली हळद लावली तर बहुतेकदा काही बिघडत नाही. रक्त थांबतं ते मुख्यतः दाबल्यामुळे. ‘हळद दाब’ या सल्ल्यातला जास्त कामाचा शब्द ‘दाब’ हा आहे. खोल किंवा मळलेल्या जखमेत मात्र हळद भरू नका.

मध: सोलापुरातला प्रयोग

घरगुती उपायांमध्ये सर्वांत भक्कम पुरावा कशाचा असेल तर तो मधाचा. इ.स.पूर्व १६००च्या सुमाराच्या इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये जखमेवर मध लावायला सांगितलं आहे. सुश्रुतसंहितेत जखमेसाठी मध आणि तूप येतं.

आधुनिक काळातला एक महत्त्वाचा अभ्यास तर आपल्या सोलापुरातला आहे. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. ५२ जणांना मध आणि ५२ जणांना त्या काळचं नेहमीचं मलम, म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन. १९९१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत निष्कर्ष आले. मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होतं.

मध हे कसं करतो? त्यात साखर इतकी दाट असते की ती जंतूंमधलं पाणी ओढून घेते. तो आम्लधर्मी असतो. आणि जखमेतल्या ओलाव्याने थोडा पातळ झाला की त्यातल्या एका एन्झाइममुळे अगदी कमी प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. तीन बाजूंनी जंतूंची कोंडी.

२०१५ मध्ये कोक्रेन या संस्थेने जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मध्यम खोलीच्या भाजलेल्या जखमा मधाने काही नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात, असं त्यात दिसलं. पायावरच्या जुनाट व्रणांमध्ये मात्र तसा फायदा दिसला नाही.

पण दुकानातून बाटली आणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. रुग्णालयात आज वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. खाण्याच्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, भेसळीची साखरही असू शकते. एक वर्षाखालच्या बाळाला तर मध चाटवूही नये, असं डॉक्टर सांगतात ते याच बीजाणूंमुळे. त्यामुळे मधाचं तत्त्व खरं आहे, पण मोठी किंवा भाजलेली जखम घरच्या बाटलीवर सोडू नका.

दगडी पाला आणि तुरटी

शेतात काम करताना विळा लागला की दगडी पाला चोळून रस लावायचा, हे ग्रामीण महाराष्ट्रात अनेकांना माहीत आहे. हिलाच काही भागांत एकदांडी म्हणतात. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. गंमत अशी की ही वनस्पती मूळची आपली नाहीच, ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आली. म्हणजे ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून सांगितला जाणारा प्रत्येक उपाय तितका जुना असतोच असं नाही. लोक नवी वनस्पती बघतात, वापरतात, अनुभवाने ठरवतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या पाल्याच्या रसाने जखम भरायला मदत होते असं दिसलं आहे. अडचण पाल्याची नाही, मातीची आहे. बांधावरचा पाला न धुता, मातकट हाताने चोळून उघड्या जखमेत पिळला तर रसाबरोबर मातीही आत जाते. का नको, ते पुढे धनुर्वाताच्या भागात येईल.

तुरटीचं काम सरळ आहे. ती आकुंचन घडवते, त्यामुळे दाढी करताना झालेल्या बारीक छेदातून येणारं रक्त थांबतं. पण सलूनमध्ये एकच खडा दिवसभर दहा-वीस गालांवर फिरत असेल तर तो नको म्हणा. स्वतःची तुरटी घरी ठेवा.

‘झोंबलं म्हणजे लागू पडलं’ आणि ‘जखम वाळू दे’

हे दोन समज कुठल्याही वनस्पतीपेक्षा जास्त खोल रुजलेले आहेत.

पहिला समज: जे झोंबतं ते औषध. म्हणून स्पिरिट, मीठ, लिंबू, न मिसळता ओतलेलं अँटिसेप्टिक. प्रत्यक्षात ही आग म्हणजे जिवंत पेशींना आणि नसांना होणारा त्रास असतो. जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या पेशीही मरतात. अँटिसेप्टिक द्रव वापरायचाच असेल तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी मिसळूनच वापरा.

कच्चा लसूण ठेचून बांधल्याने त्वचा अक्षरशः भाजल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचेवर फोड आणि काळे डाग येऊ शकतात.

दुसरा समज: जखमेला हवा लागली पाहिजे, ती कोरडी राहिली पाहिजे, खपली धरली की बरी झाली. १९६२ मध्ये ब्रिटिश संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगात उलटंच दिसलं. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण नव्या पेशींना सरकायला ओलावा लागतो. कोरडी खपली असेल तर त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. आजच्या बहुतेक आधुनिक पट्ट्या याच तत्त्वावर बनतात.

या नजरेने बघितलं तर जखमेवर तूप लावणाऱ्या जुन्या माणसांचा अंदाज बरोबर होता, ओलावा टिकला पाहिजे. आज त्याच कामासाठी साधी पेट्रोलियम जेली जास्त स्वच्छ आणि स्वस्त पडते. स्वच्छ धुतलेल्या छोट्या जखमेवर पातळ थर आणि वर पट्टी, बस्स.

पोळल्यावर: वीस मिनिटं फक्त पाणी

टूथपेस्ट हा आजीचा उपाय नाही, तो आपल्या पिढ्यांनी जोडलेला आहे. पेस्टमधल्या मेंथॉलमुळे गार वाटतं, कारण ते त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना फसवतं. तापमान मात्र तितकंच राहतं. आत उष्णता पेशी जाळतच असते.

चटका बसल्यावर गरम वस्तू हातातून सुटते, पण त्वचेच्या खालच्या थरांतली उष्णता काही वेळ तशीच राहते. ती काढायला एकच गोष्ट उपयोगी आहे. नळाचं गार, वाहतं पाणी, पूर्ण वीस मिनिटं. जगभरातल्या प्रथमोपचाराच्या सूचनांमध्ये हेच आहे. लगेच जमलं नाही तरी भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत याचा फायदा होतो. नळाला पाणी नसेल तर बादलीतलं पाणी तांब्याने ओतत राहा. लहान मूल असेल तर भाजलेला भाग गार करताना बाकीचं अंग उबदार ठेवा.

वीस मिनिटं ही प्रत्यक्षात फार मोठी वाटतात. दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून आपण हात काढतो. तसं करू नका, घड्याळ लावा.

- बर्फ लावू नका. अति थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचेला आणखी इजा होते.
- तूप, तेल, हळद, पेस्ट, चहा पावडर, शाई, बटाट्याचा कीस काही लावू नका. रुग्णालयात हे सगळं खरवडून काढावं लागतं.
- सूज येण्याआधी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा.
- कपडा चिकटला असेल तर ओढू नका.
- फोड फोडू नका. त्याखालची त्वचा त्याने झाकलेली असते.
- नंतर स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने किंवा प्लास्टिकच्या पातळ स्वच्छ फिल्मने सैल झाका.

नुसती लाली असेल तर गार केल्यानंतर कोरफडीचा गर चालतो. पण पान कापल्यावर आधी निघणारा पिवळा चीक वाहून जाऊ द्या, त्याने खाज सुटते.

भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल, चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांगावर असेल, वीज किंवा रसायनाने भाजलं असेल, किंवा रुग्ण लहान मूल वा वयस्कर असेल, तर गार करून थेट दवाखाना गाठा.

शेण, माती, राख: इथे तडजोड नाही

धनुर्वाताचे जिवाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. त्यांना वाढायला हवा नसलेली जागा लागते. खिळा घुसून झालेली खोल, अरुंद जखम आणि वरून थापलेला शेणामातीचा लेप, ही त्यांच्यासाठी तयार खोली आहे.

एकेकाळी देशात काही ठिकाणी नवजात बाळाची नाळ कापल्यावर तिथे शेण किंवा राख लावत. त्यातून होणाऱ्या धनुर्वाताने असंख्य बाळं गेली. गरोदर मातांचं लसीकरण, दवाखान्यातली बाळंतपणं आणि स्वच्छ नाळ या तीन गोष्टींमुळे हे बदललं. २०१५ मध्ये भारतात माता आणि नवजात बाळांमधल्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हे प्रमाण हजार जन्मांमागे एकापेक्षा खाली आलं. पण बीजाणू मातीतून गेलेले नाहीत, ते तिथेच आहेत.

‘लोखंड गंजलेलं होतं का?’ हा प्रश्न आपण हमखास विचारतो. खरं तर गंजाने धनुर्वात होत नाही. खिळा मातीत पडलेला होता का, जखम खोल आहे का, हे महत्त्वाचं.

इंजेक्शनचं गणित असं: लहानपणीचे डोस पूर्ण झाले असतील तर साध्या स्वच्छ जखमेसाठी शेवटच्या डोसला दहा वर्षं झाली असल्यास, आणि खोल किंवा मळलेल्या जखमेसाठी पाच वर्षं झाली असल्यास पुढचा डोस घेतात. ‘दर सहा महिन्यांनी टीटी’ याची गरज नसते. आता सरकारी लसीकरणात टीटीऐवजी टीडी मिळते, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण असतं. घेतलेल्या डोसची तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

चावलं, डसलं: खूण छोटी, धोका मोठा

कुत्रा, मांजर, माकड. मिरची पूड, चुना, तेल, कॉफी, हळद यातलं काहीही लावू नका. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत येतो. चोळल्याने तो आणखी आत ढकलला जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते ते असं: वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन लावा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. फक्त ओरखडा आला असेल तरीही. पाळीव आहे, ओळखीचा आहे, म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि लक्षणांआधी लस घेतली तर जवळपास नेहमीच वाचतो. वैद्यकशास्त्रात इतका स्पष्ट फरक क्वचितच दिसतो.

विंचू. कोकणात लाल विंचवाचा दंश हा जुना, जीवघेणा प्रश्न होता. पाला बांधणं, मंत्र घालणं, सगळं चालायचं. त्वचेवर जेमतेम टोचल्याची खूण दिसते, पण विष हृदय आणि फुप्फुसांवर जातं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शेकडो रुग्ण बघून, नोंदी ठेवून दाखवलं की रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध वेळेत दिलं तर हे मृत्यू टळतात. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी बरेच दगावायचे, या उपचारानंतर मृत्यूंचं प्रमाण सुमारे एक टक्क्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली तर लेपात वेळ घालवू नका.

मधमाशी आणि गांधीलमाशी. इथे चुना लावण्यामागे तर्क असा की विष आम्ल, चुना अल्कली, दोन्ही मिळून शांत. ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण विष त्वचेच्या आत गेलेलं असतं, चुना वर राहतो. आणि वेदना मुख्यतः विषातल्या प्रथिनांमुळे होते, आम्लामुळे नाही. उलट ओला चुना तीव्र अल्कली असल्याने त्वचा सोलवटू शकते. मधमाशीचा काटा शक्य तितक्या लवकर काढा, नखाने की चिमट्याने यात वेळ घालवू नका. मग धुवा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ धरा. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या तर ती ॲलर्जी जीवघेणी असू शकते. तातडीने रुग्णालय.

चुन्याबद्दल आणखी एक: तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मुलांच्या हाती देऊ नका. दाबताना ती फुटून डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते. तसं झालं तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धूत राहा आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

जिथे आजी बरोबर होती

कातडी शाबूत असेल तर बटव्यातल्या बऱ्याच गोष्टी खरंच कामाच्या आहेत.

टाचांच्या भेगा, फुटलेले ओठ: कोकण आणि गोव्यातलं कोकमतेल. हे घट्ट असतं, अंगाच्या उबेने वितळतं आणि त्वचेतलं पाणी उडू देत नाही. रात्री पाय धुऊन ओलसर असतानाच लावा. भेगेतून रक्त येत असेल तर थांबा.

कोरडी, खाजरी त्वचा: अंघोळीनंतर खोबरेल तेल. रीलमध्ये गाजणारं शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा धुतलेलं तूप, हेही मुळात तेल आणि पाण्याचं मिश्रणच आहे. कोरड्या त्वचेला ते बरं वाटतं. पण हातांनी, घरच्या पाण्यात बनवलेलं असेल तर उघड्या जखमेवर नको.

घामोळं: इथे तेल नको. घामाची छिद्रं बंद झाल्याने घामोळं येतं, तेलाने ती आणखी बंद होतात. गार पाण्याची अंघोळ, सैल सुती कपडे, वारा, एवढं पुरतं.

खाज, कांजिण्या: कडुलिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्याने अंघोळ करायला हरकत नाही, आराम वाटतो. त्याने कांजिण्यांचा विषाणू मरत नाही, एवढं लक्षात ठेवा. नायटा झाला असेल तर पाला किंवा मेडिकलमधून आणलेलं ‘लगेच गुण देणारं’ स्टेरॉइडचं मलम, दोन्ही टाळा. स्टेरॉइडने खाज थांबते आणि बुरशी पसरत राहते.

आणि बिब्बा? कुणाच्या चांगल्या कामात ‘बिब्बा घालणं’ हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. बिब्ब्याच्या तेलात त्वचेला तीव्र दाह करणारे घटक असतात. धोबी कपड्यांवर खुणा करायला ते वापरत, कारण डाग जात नाही. टाचेला, सांध्याला, काटा रुतलेल्या जागी बिब्बा लावला आणि तो ‘उतला’ की फोड, सूज, पाणी वाहणं सुरू होतं. कधी ते चेहऱ्यापर्यंत पसरतं. काजूच्या टरफलातलं तेलही असंच, दोन्ही एकाच कुळातली झाडं. बिब्बा घरी वापरू नका.

मधुमेह असेल तर नियम वेगळे

घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्या पायाच्या जखमेला ‘किरकोळ’ म्हणू नका. नसा बधिर झाल्याने दुखत नाही, रक्तपुरवठा कमी असल्याने भरत नाही. गरम पाण्याचा शेक घेताना पाय भाजला तरी कळत नाही. अशा व्यक्तीच्या पायाला हळद, बिब्बा, शेक काहीही करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

साध्या जखमेसाठी चार पायऱ्या

१. स्वतःचे हात साबणाने धुवा.
२. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा. मधेमधे उघडून बघू नका.
३. पिण्यालायक वाहत्या पाण्याने धुवा. पाण्याची खात्री नसेल तर उकळून गार केलेलं घ्या. जखम धुण्यासाठी साधं पिण्याचं पाणी सलाइनइतकंच चालतं, असं अभ्यासांत दिसलं आहे.
४. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर पट्टी. पट्टी रोज बदला, ओली झाली तर लगेच.

दाबूनही रक्त थांबत नसेल, कडा उघड्या राहत असतील, आत काच किंवा काटा अडकला असेल, लाली पसरत असेल, पू येत असेल किंवा ताप आला असेल तर डॉक्टर.

शेवटी मुद्द्याचं

या सगळ्यात एक गोष्ट सारखी समोर येते. भाजलं तर वीस मिनिटं पाणी. कुत्रा चावला तर पंधरा मिनिटं पाणी आणि साबण. कापलं तर पाणी. सर्वांत जास्त पुरावा असलेला घरगुती उपाय आपल्या नळाला आहे. तो फुकट आहे, बहुधा म्हणूनच त्याची रील कुणी करत नाही.

हळदीचा डबा, कोकमतेलाचा गोळा, कोरफडीची कुंडी राहू द्या, त्यांची जागा आहे. फक्त क्रम लक्षात ठेवा. आधी पाणी, मग जखमेकडे नीट बघणं, आणि त्यानंतर बटवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. गंभीर जखम, चावा किंवा दंश झाल्यास डॉक्टरांना दाखवा. तातडीची रुग्णवाहिका हवी असेल तर १०८ वर फोन करा.)